नांदूरमध्यमेश्वरचा हत्ती परत येईल का? (नामशेष प्राणी आणि क्लोनिंग)

दारणाकाठ
हिवाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात बदकं बघायला झुंबड उडते. पण त्याच परिसरात गोदावरीच्या गाळात एका प्राचीन हत्तीची कवटी सापडली होती आणि १९०५ साली भूवैज्ञानिक पिल्ग्रिम यांनी तिच्यावर लेख लिहिला होता, हे निफाडमध्येसुद्धा फार कुणाला ठाऊक नसतं. एलेफास नमाडिकस, सरळ सुळ्यांचा, आजच्या आशियाई हत्तीपेक्षा बराच थोराड. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोसल कंपनीनं 'डायर वुल्फ (नामशेष झालेला एक लांडगा) परत आणला' असं जाहीर केलं, तेव्हापासून हा प्रश्न पुन्हापुन्हा निघतोय: मॅमथ, म्हणजे तो केसाळ प्राचीन हत्ती, येणार असेल तर आपला गोदावरीचा हत्ती का नको? आणि मुळात नामशेष झालेलं परत आणावं का?

जाणकारांनी लिहावं. 'निसर्गाशी खेळ नको' एवढंच लिहायचं असेल तर पुढं कारणही लिहा.

पेशीवाला
हत्तीचं उत्तर एका ओळीत देता येतं: हाडापासून क्लोन, म्हणजे जनावराची जनुकीय नक्कल, होत नाही. क्लोनिंगला जिवंत पेशी लागते, किंवा जिवंत असतानाच नीट गोठवलेली. डीएनए म्हणजे पेशी नव्हे. डीएनए मिळाला तर फक्त वाचता येतो.

गोदावरीच्या गाळात तोही मिळणं कठीण. मेल्यावर डीएनएची साखळी पाण्यामुळं तुटत जाते आणि तापमान वाढलं की तुटण्याचा वेग वाढतो. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवर २०१२ मध्ये अभ्यास झाला. तिथल्या साधारण १३ अंश तापमानात २४२ अक्षरांचा तुकडा दर ५२१ वर्षांनी निम्मा होतो असं निघालं. म्हणजे साडेदहा हजार वर्षांत दहा लाखांतला एक तुकडा शिल्लक. निफाडचं वर्षाचं सरासरी तापमान त्याच्या दुपटीच्या आसपास, त्यात काळी माती: पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात हातभर भेगा. हाडासाठी याहून वाईट जागा शोधावी लागेल. जर्मनीतल्या याच कुळातल्या हत्तींच्या, लाखभर वर्षं जुन्या हाडांतून २०१७ मध्ये डीएनए निघाला, कारण तो प्रदेश थंड. तेव्हा कळलं की हा हत्ती आशियाईपेक्षा आफ्रिकेच्या जंगली हत्तीला जवळचा आहे.

रानपिंगळा
छोटी पुरवणी. आपल्याकडं सगळंच जातं असंही नाही. अंड्याचं कवच हाडापेक्षा बरं टिकतं. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथं अश्मयुगातल्या शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडली आहेत, एकावर तर नक्षी कोरलेली आहे. भारतात सापडलेल्या अशाच, २५ हजार वर्षांपूर्वीच्या कवचांतून हैदराबादच्या सीसीएमबी या पेशीसंशोधन संस्थेनं २०१७ मध्ये डीएनएचा तुकडा काढला आणि तो शहामृगाचाच असल्याचं दाखवलं. पण तुकडाच. त्यावरून ओळख पटते, पिल्लू निघत नाही.

सिन्नरकर
मेलेल्या वळूच्या गोठवलेल्या वीर्याची कांडी दहा वर्षांनी भरली तरी गाय गाभण राहते. पाव मिलीची स्ट्रॉ, उणे १९६ अंशांचा नायट्रोजन, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट, झालं. मग गोठलेल्या मॅमथच्या बाबतीत हेच का चालत नाही? तोही बर्फातच आहे की.

पेशीवाला
चांगला प्रश्न, कारण फरक नेमका इथंच आहे. कांडीत वीर्यासोबत अंड्याचं पिवळं आणि ग्लिसरॉल असतं आणि थंड करण्याचा वेग ठरलेला असतो. ग्लिसरॉल नसेल तर पेशीतल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि आतून सगळं फाडून टाकतात. डीप फ्रीजरमध्ये टाकलेलं वांगं बाहेर काढल्यावर जसं पिचपिचीत होतं, तसं. सायबेरियातला मॅमथ ग्लिसरॉल लावून मेलेला नाही.

आता उलट बाजू बघा. स्पेनच्या पिरेनीज डोंगरातली बुकार्डो ही रानबकरी. शेवटची उरलेली मादी सेलिया. १९९९ मध्ये तिच्या कानाची कातडी काढून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवली. जानेवारी २००० मध्ये अंगावर झाड पडून ती मेली आणि जात संपली. २००३ मध्ये त्या पेशींपासून एक पिल्लू जन्माला आलं. फुफ्फुसाला एक जादा घट्ट गोळा होता, श्वास घेता येईना, काही मिनिटांत गेलं. नामशेष झालेला प्राणी जिवंत जन्मल्याचं हे पहिलं उदाहरण, आणि तो प्राणी दोनदा नामशेष झाल्याचंही. पिल्लू जगलं असतं तरी पुढं काय, हा प्रश्न होताच. सेलिया मादी, तिचे क्लोन सगळे मादी. नर आणणार कुठून?

काथ्याकूट
म्हणजे जिवंत असतानाच कान कापून ठेवला असेल तरच नामशेष झाल्यावर परत येणार. विम्याचा हप्ता आधी भरलेला हवा.

दारणाकाठ
पेशीवाला, प्रत्यक्ष करतात कसं ते लिहाल का? 'केंद्रक काढून दुसरं घालतात' एवढं दहावीच्या पुस्तकातही असतं.

पेशीवाला
लिहितो. म्हशीचं घेतो, कारण कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं ते भारतात बसवलं. फेब्रुवारी २००९ मध्ये पहिली पारडी झाली, ती आठवडाभरही जगली नाही. जूनमध्ये गरिमा झाली, ती जगली. २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनीच गंगा ही गीर वासरी केली.

कत्तलखान्यातून म्हशीची अंडाशयं कोमट सलाइनमध्ये आणतात. थंड पडली तर बीजांडं खराब होतात. २ ते ८ मिलिमीटरच्या फुग्यांतून सुईनं द्रव ओढायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजांडं वेचायची. ज्यांच्याभोवती पेशींचा दाट, एकसारखा थर आहे तीच घ्यायची, उघडी पडलेली टाकून द्यायची. मग साडेअडतीस अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये साधारण एक दिवस पिकवायची. गंगाच्या वेळी बीजांडं जिवंत गाईंमधून, सोनोग्राफीवर बघत सुईनं काढली. अवघड पद्धत आहे, पण गाय मारावी लागत नाही आणि आई कोण ते माहीत असतं.

पिकलेल्या बीजांडाभोवतीच्या पेशी हायल्युरोनिडेजनं सोडवायच्या, मग बाहेरचं कवच प्रोनेजनं विरघळवायचं. बीजांडाचं केंद्रकद्रव्य जिथं असतं तिथं किंचित फुगवटा दिसतो, तेवढा भाग बारीक पात्यानं हातानं कापून काढायचा. लाखो रुपयांचं सूक्ष्महस्त यंत्र लागत नाही, म्हणून कर्नालनं ही हातानं करायची रीत घेतली. कापताना बीजांडाचा थोडा द्रव जातो, त्यामुळं बिनकेंद्रकाचे दोन अर्धे आणि त्यांच्यामध्ये कातडीची एक पेशी असं सँडविच करतात, विजेचा झटका देऊन तिघांना एक करतात. त्यानंतर कॅल्शियम आयोनोफोर आणि डीएमएपी या रसायनांनी 'फळलं' अशी खूण द्यायची, कारण शुक्राणू आलेलाच नाही. सात-आठ दिवसांत गर्भगोळा तयार झाला की माज जुळवून ठेवलेल्या म्हशीच्या गर्भाशयात सोडायचा.

बिघडतं कुठं? सगळीकडं, पण मुख्य जागा एकच. कातडीच्या पेशीचा डीएनए 'मी कातडी आहे' अशा खुणांनी भरलेला असतो. त्या पुसून 'मी गर्भ आहे' हे बीजांडानं काही तासांत करायचं असतं. ते अर्धवट झालं की गर्भाला पोसणारी वार नीट तयार होत नाही, वासरू भलतंच मोठं होतं, नाळ जाड, फुफ्फुसं कच्ची. डॉलीच्या वेळी २७७ प्रयत्नांतून २९ गर्भ आणि त्यातून एक कोकरू, हे आकडे १९९६ चे. आता सुधारणा आहे, पण नेहमीच्या कृत्रिम रेतनाच्या जवळपासही नाही.

हे सगळं म्हशीच्या बीजांडात म्हशीची पेशी घालताना. जात बदलली की आणखी बिघडतं. आपल्या ओळखीचा गवा घ्या. अमेरिकेत आयोवात जानेवारी २००१ मध्ये गव्याचा क्लोन झाला, नाव नोहा, साध्या गाईच्या पोटी. ६९२ बीजांडं, त्यातून ८१ गर्भगोळे, त्यातले ४२ गोळे ३२ गाईंत सोडले, ८ गाभण, एक वासरू. ते दोन दिवसांत हगवणीनं गेलं.

खुंटकलम
नाशकात हे समजावणं सोपं आहे. डॉगरिजच्या खुंटावर थॉमसन द्राक्षाचा डोळा भरतात, खाली मूळ एका जातीचं आणि वर घड दुसऱ्या जातीचे. गाईचं बीजांड म्हणजे खुंट, गव्याचं केंद्रक म्हणजे डोळा. खुंट आणि कांडी जुळली नाही की जोडाशी गाठ येते, वेल बसतो. आणि निफाड-दिंडोरीचा थॉमसन मुळात क्लोनच आहे, एकाच वेलाच्या काड्यांवरून पसरलेला. बी नाही, दुसरा मार्गच नाही. म्हणून एका बागेवर डाऊनी हा बुरशीचा रोग आला की शेजारची बागही त्याच रात्री धोक्यात. सगळ्यांची ढाल एकच, आणि भोकही एकाच जागी.

पेशीवाला
उपमा आवडली, पण अर्धीच लागू पडते. खुंटाचा डीएनए घडात जात नाही. गाईच्या बीजांडातले मायटोकाँड्रिया (पेशीची ऊर्जाघरं) मात्र वासराच्या प्रत्येक पेशीत जातात आणि त्यांचा स्वतःचा ३७ जनुकांचा डीएनए असतो. ऊर्जा तयार करणाऱ्या यंत्राचे काही भाग या ३७ मधून येतात, बाकीचे केंद्रकातून, आणि दोन्ही एकमेकांत बसावे लागतात. गवा आणि गाय जवळचे, तरी नोहा तांत्रिकदृष्ट्या पूर्ण गवा नव्हताच. जाती जितक्या लांबच्या, तितका स्क्रू एका कंपनीचा आणि नट दुसरीचा.

डाऊनीचा मुद्दा मात्र शंभर टक्के. अमेरिकेतला काळ्या पायांचा फेरेट बघा, मुंगसासारखा दिसणारा छोटा प्राणी. आजचे सगळे फेरेट फक्त ७ जनावरांचे वंशज. १९८८ मध्ये गोठवलेल्या विला नावाच्या मादीच्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन झाली. विलाचं रक्त त्या सातांत नव्हतं. पुढं विलाचीच दुसरी क्लोन, अँटोनिया, हिला २०२४ मध्ये पिल्लं झाली. तसाच प्रझेवाल्स्कीचा घोडा, म्हणजे रानघोडा, कर्ट, २०२० मध्ये, १९८० सालच्या सॅन डिएगोतल्या पेशींपासून. क्लोनिंगचा खरा उपयोग इथं आहे: जात जिवंत आहे, पण रक्त पातळ झालंय, तिथं हरवलेलं रक्त परत घालायचं. बातमी मात्र मॅमथचीच होते.

काथ्याकूट
मग तो डायर वुल्फ? पांढराशुभ्र, देखणा. खोटा म्हणायचा का?

पेशीवाला
खोटा नाही, दुसराच आहे. करड्या लांडग्याच्या पेशीत १४ जनुकांत २० बदल केले आणि त्या पेशींपासून कुत्रीच्या पोटी पिल्लं काढली. पहिली दोन १ ऑक्टोबर २०२४ ला, तिसरं जानेवारी २०२५ मध्ये. बाकीचा अख्खा डीएनए करड्या लांडग्याचा. दोन जातींत लाखो अक्षरांचा फरक असताना वीस बदल म्हणजे मारुतीला मर्सिडीजचं चिन्ह चिकटवणं. तंत्र म्हणून कौतुक आहे, नाव चुकीचं आहे.

सिन्नरकर
हे पटलं. पण मॅमथही तसाच करणार असतील ना, हत्तिणीच्या पोटी?

पेशीवाला
हो, आशियाई हत्तीच्या पेशीत केस, चरबी, थंडी सोसणारं हिमोग्लोबिन वगैरे बदल करून. आता हिशोब मांडा. गाय २१ दिवसांनी माजावर येते. हत्तिणीचं चक्र १४ ते १६ आठवड्यांचं. त्यात संप्रेरकाची लाट दोनदा येते, साधारण तीन आठवड्यांच्या अंतरानं, आणि बीजांड सुटतं फक्त दुसऱ्या लाटेला. म्हणजे वर्षाला तीन-चार बीजांडं. गव्याला लागली तितकी, ६९२, म्हटली तर एका हत्तिणीची दोनशे वर्षं. इंजेक्शनं देऊन गाईसारखी एकदम दहा-बारा बीजांडं पिकवायची युक्ती हत्तीत बसलेली नाही. अंडाशय शरीरात इतकं खोल असतं की गाईची सुई-सोनोग्राफी तिथं पोचत नाही. आणि गर्भ राहिला तर २२ महिने. आशियाई हत्ती स्वतःच संकटात असताना त्याच्या माद्या या कामाला २२ महिने गुंतवायच्या, यावर माझं मत विचाराल तर नको. गर्भाशय यंत्रात करू म्हणतात. झालं की बोलू.

रानपिंगळा
सगळे सस्तन प्राण्यांवर चाललेत. पक्ष्यांचं कुणी लिहिलं नाही, आणि आपल्याकडं प्रश्न पक्ष्यांचाच जास्त आहे.

पक्ष्याचा क्लोन वरच्या रीतीनं होतच नाही. कारण साधं: पक्ष्याचं बीजांड म्हणजे अख्खा पिवळा बलक. त्यावरच्या ठिपक्यातून केंद्रक काढायचं म्हणजे अपारदर्शक, डुचमळणाऱ्या गोळ्यात सुई खुपसणं. समजा जमलं, तरी त्यावर पांढरं आणि कवच चढायला तो परत मादीच्या नळीत जायला हवा. कोंबडीनं अंडं घातलं त्या क्षणी आत हजारो पेशी झालेल्या असतात, उशीर झालेला असतो.

म्हणून वळसा घेतात. अंडं उबायला ठेवल्यावर साधारण अडीच दिवसांनी, पुढं वीर्य-बीजांड बनवणाऱ्या आदिपेशी गर्भाच्या रक्तातून फिरत असतात. काचेच्या केसाएवढ्या नळीनं मायक्रोलिटरभर रक्त काढायचं, त्या पेशी वाढवायच्या, हवे ते बदल करायचे, मग दुसऱ्या अंड्याला खिडकी पाडून तिथल्या गर्भात सोडायच्या. खिडकी चिकटपट्टीनं बंद. पट्टी सैल राहिली किंवा बुडबुडा आत गेला की गर्भ मरतो. जन्मलेला पक्षी दिसायला यजमान जातीचा, पण त्याच्या वृषणात दुसऱ्या जातीचं वीर्य. दुबईत २०१० मध्ये हे हुबारा या माळढोकाच्या भावकीतल्या पक्ष्यावर केलं. हुबाराच्या गर्भातल्या पेशी कोंबडीच्या गर्भात, त्या कोंबड्याचं वीर्य हुबारा मादीला, आणि शुद्ध हुबाराची पिल्लं. माळढोकाच्या बाबतीत मला क्लोनिंगपेक्षा हा रस्ता जवळचा वाटतो. तोवर जैसलमेरला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कृत्रिम रेतनाच्या अंड्यातून माळढोकाचं पिल्लू निघालं आहे, म्हणजे साध्या मार्गानंही काम पुढं सरकतंय.

अवांतर: 'नामशेष' हा शब्द जपून वापरा. माझ्या आयडीचा पक्षी, रानपिंगळा, १८८४ नंतर कुणाला दिसला नव्हता, नामशेषच धरला होता. १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. त्याला कुणी क्लोन केला नाही. नीट शोधला.

दारणाकाठ
आणि चित्ता? आपल्याकडं क्लोनिंगची चर्चा पहिल्यांदा त्याच्यावरूनच झाली होती ना?

पेशीवाला
हो. १९५२ मध्ये तो भारतातून गेल्याचं जाहीर झालं. पुढं सीसीएमबीनं इराणी चित्त्याच्या पेशी घेऊन क्लोन करायचा बेत मांडला, बिबट्याच्या मादीच्या पोटी. इराणनं ना जनावर दिलं, ना नमुने. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते कुनोत आले. जिवंत भाऊबंद कुठं शिल्लक असेल तर विमानाचं भाडं प्रयोगशाळेपेक्षा नेहमीच स्वस्त.

खुंटकलम
इथं ऊसतोडणी सुरू झाली की बिबट्याची पिल्लं फडात सापडतात आणि गाव काठ्या घेऊन उभा राहतो. आहे त्याला जागा नाही. प्राचीन हत्ती आणून ठेवणार कुठं, ओझरच्या विमानतळावर?

सिन्नरकर
😀
पण मुद्दा आहे. महामार्गावर बिबटे गाडीखाली येतात. त्यांच्या पेशी आत्ताच ठेवता येतील का? विम्याचा हप्ता म्हणून.

पेशीवाला
येतात. पण आधी हे: बिबट्या पहिल्या अनुसूचीतला. मेलेल्या बिबट्याचा केससुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलणं १९७२ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तुमचं काम वनखात्याला फोन करणं आणि जनावर सावलीत राहील एवढं बघणं. पुढचं शवविच्छेदन करणाऱ्या पशुवैद्यकानं करायचं. हैदराबादला सीसीएमबीची लाकोन्स प्रयोगशाळा वन्यप्राण्यांच्या पेशी आणि वीर्य साठवते.

रीत अशी. कानाच्या कडेचे केस काढून ७० टक्के अल्कोहोलनं पुसायचं, नखाएवढा तुकडा घ्यायचा. कान का? कमी रक्त, कूर्चा, उशिरा सडतो. तुकडा प्रतिजैविक आणि बुरशीनाशक घातलेल्या पोषकद्रवात, बर्फाच्या पेटीत ४ अंशांवर, शक्यतो एका दिवसात प्रयोगशाळेत. तिथं मिलिमीटरचे तुकडे करून बशीत चिकटवतात, आठवडाभरात कडेनं पेशी पसरायला लागतात. वाढल्या की १० टक्के डीएमएसओ (ग्लिसरॉलसारखंच स्फटिक रोखणारं रसायन) घालून मिनिटाला एक अंश या वेगानं उणे ८० पर्यंत, मग नायट्रोजनमध्ये.

दोन चुका हमखास होतात. एक, सवयीनं फॉर्मेलीनमध्ये टाकणं: पेशी जागीच मेल्या. दोन, घाईनं फ्रीजरमध्ये टाकणं: डीएनए तपासणीला चालेल, पण पेशी त्या मॅमथसारख्या. बर्फावर ठेवायचं, गोठवायचं नाही.

रानपिंगळा
हे गिधाडांनाही लागू करा. हर्सूलकडं खोरीपाड्याला वनखात्याचं गिधाड उपाहारगृह आहे. मेलेली जनावरं तिथं टाकतात. टाकेदला जटायूची कथा सांगणारा जिल्हा आपला, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात १९९२ ते २००७ या काळात शंभरातली नव्व्याण्णवहून अधिक गेली. कारण डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. त्या औषधावर असताना मेलेलं ढोर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, दोन दिवसांत शेवट. शंभर ढोरांमागं एकाहून कमी विषारी असलं तरी थवा संपतो, कारण एका ढोरावर पन्नास बसतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. उद्या प्रयोगशाळेतून शंभर गिधाडं सोडली तरी ती त्याच ढोरांवर उतरणार.

सिन्नरकर
डायक्लोफेनॅक तर कधीच बंद झालं ना? मग ढोराला ताप-सूज असली की द्यायचं काय?

रानपिंगळा
जनावरांसाठी २००६ पासून बंदी. पण माणसाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात यायच्या, म्हणून २०१५ मध्ये माणसासाठीचं इंजेक्शन ३ मिलीच्या एकाच मात्रेच्या पॅकपुरतं मर्यादित केलं. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅकवर २०२३ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. असेक्लोफेनॅक गाईच्या पोटात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, नाव तेवढं वेगळं. निमेसुलाइडही त्यानंतर बंद झालं. गिधाडाला सुरक्षित ठरलेलं: मेलोक्सिकॅम आणि टोल्फेनामिक ॲसिड. मेडिकलवाल्यानं 'हे जास्त चालतं' म्हणून दुसरं पुढं केलं तर बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा, ब्रँडचं नाव नको. आणि उपचार चालू असताना ढोर मेलं तर ते खोरीपाड्याला देऊ नका, पुरा.

सिन्नरकर
किती खोल?

रानपिंगळा
वर किमान चार फूट माती येईल इतकं. विहीर-नाल्यापासून लांब, आणि वर चुना.